मदत आणि विकास यांचा आराखडा एकत्र करायचा, तर सुरुवात कुठून करावी?

आपला प्रश्न मी असा समजून घेतला आहे. रायगड जिल्ह्यातल्या एका तालुक्यात दरड कोसळून दोन वाड्यांचे मोठे नुकसान झाले. आपली छोटी संस्था तेथे आधीपासून मुलांच्या शिक्षणाचे काम करत होती, त्यामुळे मदतवाटपाची जबाबदारी आपोआप आपल्याकडे आली. आता एक कंपनी सीएसआरमधून, म्हणजे सामाजिक जबाबदारीसाठी राखलेल्या निधीतून, चाळीस घरे बांधून द्यायला तयार आहे, पण तिला पैसा मार्चपूर्वी खर्ची टाकायचा आहे; दुसऱ्या एका दात्याचा निधी फक्त धान्य, भांडी आणि ताडपत्र्यांसाठी आहे; शासकीय पुनर्वसन आपल्या गतीने चालले आहे. या सर्वांना वाडीतल्या लोकांसह दोन दिवस एकत्र बसवून ‘तातडीची मदत ते दीर्घकालीन विकास’ असा एकच आराखडा तयार करावा, असा आपला विचार आहे. ही कार्यशाळा केव्हा घ्यावी, कोणाला बोलवावे आणि तिच्यातून काय हाती लागावे, हे आपण विचारले आहे.

कार्यशाळा जरूर घ्या, पण आराखडा त्या दोन दिवसांत ठरेल या समजुतीत राहू नका. तो आत्ताच, रोज थोडाथोडा, ठरत आहे. पंचनाम्याच्या यादीत कोणाचे नाव आले, तात्पुरत्या शेड कोणाच्या जमिनीवर उभ्या राहिल्या, टँकर कोठे थांबतो, वस्तूंच्या वाटपाच्या वेळी कोणत्या आळीला आधी हाक जाते, या गोष्टी घाईत आणि ‘सध्यापुरत्या’ म्हणून केल्या जातात. दोन वर्षांनी पाहावे तर त्यांतल्या बहुतेक कायम झालेल्या असतात. मदत आणि विकास यांच्यामध्ये मोकळी जागा आहे आणि तिच्यावर नंतर पूल बांधायचा आहे, असे सहसा मांडले जाते. माझा अनुभव निराळा आहे. मदतीच्या काळातले काही निर्णय हेच विकासाचे निर्णय असतात, फक्त ते घेणाऱ्याला तसे वाटत नसते. तेव्हा लोकांचा सहभाग घ्यायचा तर तो या न फिरणाऱ्या निर्णयांपासून सुरू झाला पाहिजे. घराचा नकाशा हा बराच पुढचा टप्पा आहे.

यातले किती आपल्याला लागू पडेल हे आपत्तीच्या प्रकारावर अवलंबून आहे. सांगली-कोल्हापूरचा २०१९ चा पूर किंवा चिपळूणचा जुलै २०२१ चा पूर यांत पाणी ओसरल्यावर लोक आपापल्या घरी परतले. तेथे खरा प्रश्न चिखल, दुकानातला वाया गेलेला माल, कर्जाचे हप्ते आणि पूररेषेच्या आतले बांधकाम यांचा होता. भूकंपात गाव जागेवर राहू शकते आणि बरीचशी घरे दुरुस्त करता येतात. दरडीत मात्र परत जायला जागाच सुरक्षित उरत नाही, म्हणजे जमिनीचा प्रश्न सर्वांत आधी उभा राहतो आणि तो सुटेपर्यंत बाकीचे सगळे अधांतरी असते. आपले प्रकरण या तिसऱ्या प्रकारातले आहे असे धरून पुढचे लिहीत आहे.

सर्वांत पहिला न फिरणारा निर्णय म्हणजे यादी. पहिल्या आठवड्यात यादी घरावर होते, कारण पडलेली घरे मोजणे सोपे असते. मराठवाड्यात काम करताना पाहिलेल्या एका वाड्याचे उदाहरण देते. एका छपराखाली तीन भाऊ, तीन चुली आणि एक विधवा चुलती. धान्याचे पोते घरामागे एक आले, ते त्यांनी वाटून घेतले आणि कोणी तक्रार केली नाही, कारण पोत्यासाठी कोण भांडणार? पुढे तीच यादी सही-शिक्क्यासह घरांसाठीची यादी म्हणून फिरू लागली, तेव्हा चार कुटुंबांना मिळून एक घर असा हिशेब निघाला, आणि चुलतीचे नाव तर कोठेच नव्हते. तोवर आक्षेपांची मुदत संपली होती. कोकणात याच्या उलट अडचण येते: सातबाऱ्यावर किंवा घरपट्टीच्या नोंदीवर मुंबईतल्या चाकरमान्याचे नाव असते, आणि पावसाळ्यात त्या घरात प्रत्यक्ष राहणारा भाऊबंद किंवा भाडेकरू कागदावर नसतो. ठाकर-कातकरी वाड्यांत तर घराखालची जमीन वनखात्याची किंवा खाजगी मालकाची असण्याची शक्यता मोठी.

म्हणून मदतवाटपासाठी तयार केलेल्या यादीतच आत्ता चार रकाने वाढवा: चूल कोणाची, राहणारे कोण, जमीन कोणाच्या नावे, आणि घरातली कमावती बाई किंवा एकटी बाई कोण. ही यादी ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावून थांबू नका, वाडीत मोठ्याने वाचून दाखवा. वाचन संध्याकाळी, मजुरीवरून माणसे परतल्यावर करा. नाव वाचल्यावर मागून ‘अहो, ती तर माहेरी आलीय, तिला धरलंय का?’ असे आवाज येऊ लागतात, आणि कोणत्याही नमुना-सर्वेक्षणातून निघणार नाही अशी माहिती अर्ध्या तासात बाहेर पडते. माझ्या मते सहयोगी आराखड्याची पहिली बैठक हीच. तिला सभागृह लागत नाही आणि सल्लागारही लागत नाही. तलाठी आणि ग्रामसेवक मात्र तेथे हजर असले पाहिजेत, कारण दुरुस्ती त्यांच्या नोंदीत झाली नाही तर वाचनाचा उपयोग नाही.

दुसरा निर्णय जागेचा आणि पाण्याचा. तात्पुरती वसाहत ‘चार-सहा महिन्यांची’ म्हणून उभी राहते आणि लोक पत्र्याच्या शेडमध्ये किंवा कंटेनरमध्ये दुसरा, कधी तिसरा पावसाळा काढतात. मदतकार्यात सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या स्फिअर मानकांनुसार माणशी दिवसाला किमान १५ लिटर पाणी आणि साडेतीन चौरस मीटर छताखालची जागा धरतात. जलजीवन मिशनचे उद्दिष्ट माणशी ५५ लिटरचे आहे. हे दोन आकडे दोन वेगवेगळ्या खात्यांच्या फायलींत राहतात, आणि १५ वरून ५५ पर्यंत कसे जायचे हे कोणाच्याच कामात बसत नाही. मदत करणारी संस्था टँकर आणि प्लास्टिकच्या टाक्या देते, विकासाचे खाते वसाहत ‘कायम’ झाल्याखेरीज योजना घेत नाही. टँकरवर होणाऱ्या खर्चातला काही भाग पहिल्याच महिन्यात पाण्याचा उद्भव शोधण्यावर, म्हणजे भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेकडून जागेची पाहणी करून घेण्यावर आणि जुन्या विहिरीचा गाळ काढण्यावर लावता येतो का, हे दात्याला विचारा. अनेक दाते याला ‘पाणीपुरवठा’ म्हणून संमती देतात. विचारणारा कोणी नसतो, एवढेच.

जागेची घाई किती महाग पडते यासाठी माळीणचे उदाहरण आपल्या डोळ्यांसमोर आहे. ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातले हे गाव डोंगराखाली गेले आणि १५१ माणसे दगावली. आमडे येथे नवे गाव वसवले गेले, एप्रिल २०१७ मध्ये घरांचा ताबा दिला गेला, आणि त्याच वर्षी पहिल्या मोठ्या पावसात तेथले रस्ते खचले, भेगा पडल्या, पाणी वाहून जाण्याची व्यवस्था उघडी पडली. घरे नीट बांधली होती. प्रश्न उतारावर केलेल्या सपाटीकरणाचा, भरावाचा आणि निचऱ्याचा होता. नव्या जागेने कामाआधी किमान एक पावसाळा पाहिलेला असावा, पाणी कोठून कसे उतरते ते वाडीतल्या गुराख्यांबरोबर भर पावसात चालून पाहावे आणि त्यांनी दाखवलेले ओहोळ नकाशावर उतरवून मगच भूवैज्ञानिकाचे मत घ्यावे, असा माझा आग्रह असतो. हे कंपनीच्या मार्चमध्ये बसत नाही, हे मला ठाऊक आहे. त्याबद्दल खाली लिहिते.

आता घरांकडे वळू. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर दोन निरनिराळ्या वाटा शेजारी-शेजारी चालवून पाहिल्या गेल्या, त्यामुळे त्यातून शिकण्यासारखे पुष्कळ आहे. पूर्ण उद्ध्वस्त झालेली बावन्न गावे नव्या जागी हलवली गेली. तेथे घराचे क्षेत्रफळ कुटुंबाच्या जमीनधारणेवर ठरले: भूमिहीन आणि अल्पभूधारकांना २५० चौरस फूट, मधल्यांना ४५०, मोठ्या शेतकऱ्यांना ७५०. म्हणजे भूकंपापूर्वीची उतरंड सिमेंटमध्ये पक्की झाली. रुंद रस्ते आणि काटकोनी आखणी यामुळे गाव पसरले आणि ओसरीवरून दिसणारा शेजार तुटला. दुसऱ्या वाटेने दोन लाखांच्या जवळपास घरे आहे त्या गावठाणातच दुरुस्त व मजबूत करायची होती, आणि पैसा घरमालकाच्या हातात हप्त्याने जायचा होता. या कार्यक्रमात स्वयम् शिक्षण प्रयोग या संस्थेने गावोगावच्या महिला मंडळांतून ‘संवाद सहायक’ उभ्या केल्या. माळवदाचे, म्हणजे मातीच्या सपाट छताचे, वजन कमी का करायचे, दगडी भिंतीत आडवे जोडदगड का घालायचे, हप्ता का अडला, हे गावाला समजावणाऱ्या आणि गावाचे म्हणणे अभियंत्यापर्यंत नेणाऱ्या या बायका होत्या. पुढे भूकंपाचे काम संपले तरी ही मंडळे बचत, आरोग्य, पाणी अशा कामांत टिकली, आणि २००१ च्या भूकंपानंतर त्यांच्यातल्या काही जणी कच्छमधल्या बायकांना आपला अनुभव सांगायला गेल्या. मदतीतून विकासाकडे जाणारा दुवा कोणता, असे कोणी विचारले तर मी बांधलेल्या घरांच्या आधी या मंडळांकडे बोट दाखवीन.

नकाशावर लोकांचे मत घ्यायचे तर कागद दाखवून घेऊ नये. कागदापुढे लोक मान डोलावतात. आम्ही अंगणात चुन्याची फक्की मारून २५० चौरस फुटांचे घर जमिनीवर खऱ्या मापात आखत असू आणि बायकांना आत उभे राहायला सांगत असू. एकदा एका बाईने खरीच बाज आणून ठेवली, तिच्या आजारी सासूची. मग चुलीची जागा दाखवायला तीन विटा मांडल्या गेल्या, धान्याच्या कणगीसाठी टोपली उपडी ठेवली गेली, आणि दोन मिनिटांत कळले की न्हाणीचे दार थेट रस्त्याकडे उघडते व बाज ठेवल्यावर रात्री कोणालाही आत-बाहेर करता येत नाही. दार दुसऱ्या भिंतीत गेले, चूल ओसरीकडे सरकली. खर्चात काही वाढ झाली नाही. वास्तुविशारद तेथे उभा होता आणि त्याने तेथल्या तेथे फेरफार मान्य केला, हे यातले महत्त्वाचे. ज्याला बदल करण्याचा अधिकार नाही अशा माणसापुढे लोकांना मत मांडायला लावणे ही त्यांच्या वेळेची चेष्टा आहे.

आता पैशाचे. मदत आणि विकास यांची माणसे एका टेबलावर येत नाहीत ती बहुतेक वेळा मनोवृत्तीमुळे नव्हे, तर त्यांच्या पैशाची मुदत आणि मथळा वेगळा असतो म्हणून. कंपनीच्या मार्चबद्दल: कंपनी कायद्यातल्या सीएसआर तरतुदींनुसार संचालक मंडळाने एखादे काम ‘ऑनगोइंग प्रोजेक्ट’ म्हणून मंजूर केले, तर सुरुवातीचे आर्थिक वर्ष सोडून पुढची तीन वर्षे ते चालू ठेवता येते, न खर्चलेली रक्कम वर्ष संपल्यावर तीस दिवसांत वेगळ्या ‘अनस्पेंट सीएसआर’ खात्यात टाकावी लागते. आपत्तीतली मदत, पुनर्वसन आणि पुनर्बांधणी हे तिन्ही विषय २०१९ पासून त्या कायद्याच्या सातव्या अनुसूचीत, म्हणजे सीएसआरमध्ये चालणाऱ्या कामांच्या यादीत, स्पष्टपणे आहेत. कंपनीच्या प्रतिनिधीला हे बहुधा माहीत असते, पण चालू वर्षात काम दाखवणे त्याच्या सोयीचे असते. तेव्हा त्याच्याशी वाद न घालता त्याला या वर्षासाठी दाखवता येण्याजोगे काम द्या: जागेची पाहणी, भूवैज्ञानिक अहवाल, निचरा, वाडीतल्याच तरुणांचे गवंडी-प्रशिक्षण आणि एक नमुना घर. चाळीस घरे पुढच्या दोन वर्षांत. ही मांडणी लेखी प्रस्ताव म्हणून न्या, तोंडी विनंती म्हणून नको.

निधी एका खात्यात गोळा करण्याचा विचार असेल, तर दात्यांपैकी कोणाचा पैसा परदेशातून येतो का ते आधी तपासा. एफसीआरए, म्हणजे परकीय देणग्यांच्या कायद्यातल्या २०२० च्या दुरुस्तीनंतर परकीय निधी मिळालेल्या संस्थेला तो दुसऱ्या संस्थेकडे वळवता येत नाही. मोठी संस्था पैसा आणेल आणि लहान संस्था गावात काम करील, ही जुनी घडी त्यामुळे मोडली आहे. खाती वेगळी ठेवा, पण यादी एक, नकाशा एक आणि कामांची वाटणी एका कागदावर, असे करता येते, आणि माझ्या मते ते पुरते. शासनाच्या बाजूने पाहिले तर पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी राज्यांच्या आपत्ती जोखीम व्यवस्थापन निधीची विभागणी करताना ४० टक्के मदतीसाठी, ३० टक्के पुनर्प्राप्ती व पुनर्बांधणीसाठी, १० टक्के पूर्वतयारीसाठी आणि २० टक्के धोका कमी करण्यासाठी अशी सोय केली होती. जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाकडे जाताना ‘मदत हवी’ एवढेच न म्हणता कोणत्या खिडकीतून काय मागत आहात हे सांगितले, तर संभाषणाचा सूर बदलतो.

येथे थोडे विषयांतर करते. इस्तंबूलला २०१६ मध्ये झालेल्या जागतिक मानवतावादी मदत परिषदेपासून मदत आणि विकास यांच्या सांधणीवर जगभर पुष्कळ कागद खर्ची पडला आहे. महाराष्ट्राने हे १९७२ च्या दुष्काळात करून पाहिले होते. विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेल्या रोजगार हमी योजनेने दुष्काळी कामाची मजुरी आणि गावात उरणारी मालमत्ता यांची गाठ घातली, आणि १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. तेव्हापासून त्या खात्यात ‘शेल्फवरील कामे’ हा शब्द रुळला आहे: मोजणी आणि अंदाजपत्रक झालेली कामे तयार ठेवायची, म्हणजे गरज पडताच मजूर त्यावर लावता येतात. ज्या तालुक्यात अशी कामे तयार असतात तेथे दुष्काळाचा पैसा पाझर तलावात आणि नालाबंडिंगमध्ये जातो; जेथे नसतात तेथे खडी फोडली जाते. आपल्या वाड्यांसाठीही असा शेल्फ हवा. संरक्षक भिंत, पाणंद रस्ता, विहीर, अंगणवाडीची खोली, भातशेतीचे वाहून गेलेले बांध, यांची मापे आणि ढोबळ खर्च लिहून ग्रामपंचायत विकास आराखड्यात आत्ताच घालून ठेवा. उद्या कोणी दाता ‘काय करू?’ असे विचारत आला, तर उत्तर तयार असेल. नाही तर तो पुन्हा चादरी वाटून जाईल.

एवढ्या विवेचनाचा धागा पुन्हा हातात घेते: यादी, जागा आणि पाणी हे तीन निर्णय आत्ता, लोकांसमोर, पैशाची मुदत लांबवण्याची बोलणी त्याच वेळी, घरांचे नकाशे नंतर, आणि ते जमिनीवर. कार्यशाळेचे स्थान यानंतर येते.

ती घ्याल तेव्हा दोन दिवस सलग घेऊ नका. दु:खातली माणसे दोन दिवस खुर्चीत बसत नाहीत आणि बसली तर बोलत नाहीत. वाडीत आधी बायकांची, मग वाडीनिहाय बैठक घ्या. दोन वाड्यांत जातीचा किंवा जुन्या वादाचा प्रश्न असेल तर पहिली बैठक वेगवेगळी घेण्यात कमीपणा नाही. तालुक्याच्या ठिकाणची बैठक एका सकाळपुरती ठेवा आणि तिला निर्णयाचा अधिकार असलेलीच माणसे बोलवा: तहसीलदार किंवा प्रांत, गटविकास अधिकारी, पाणीपुरवठ्याचा उपअभियंता, कंपनीचा निर्णय घेणारा माणूस, आणि प्रत्येक वाडीने निवडलेली दोन माणसे, त्यांतली एक बाई. वाडीची माणसे मजुरी बुडवून येणार, तेव्हा त्यांची त्या दिवसाची मजुरी अंदाजपत्रकात धरा. शेवटी दाता, खाते, काम, तारीख आणि वाडीतला जबाबदार माणूस असा एक पानी तक्ता सर्वांच्या सह्यांनी निघावा. त्याहून जाड अहवाल कोणी वाचत नाही.

कार्यशाळेहून मोठा उपयोग एका छोट्या कायमच्या ठिकाणाचा होतो. कच्छमध्ये १९९८ च्या चक्रीवादळानंतर संस्थांचे ‘अभियान’ नावाचे जाळे उभे राहिले होते, म्हणून २००१ च्या भूकंपात त्यांना गावांच्या समूहांसाठी ‘सेतू’ केंद्रे लगेच उघडता आली. शासनाचा आदेश गावाच्या भाषेत सांगणे, कोणाचा हप्ता कोठे अडला ते शोधणे, कोणती संस्था कोणत्या गावात काय करत आहे याची नोंद ठेवणे, ही त्यांची कामे होती. आपल्या दोन वाड्यांना एवढा पसारा नको. ग्रामपंचायतीतली एक खोली, एक टेबल, वाडीतलीच बारावी झालेली मानधनावरची मुलगी, भिंतीवर तो एक पानी तक्ता आणि आठवड्याचा ठरलेला एक वार एवढे पुरे. तिच्या तीन वर्षांच्या मानधनाची तरतूद कंपनीच्या प्रस्तावात घरांच्या आधी लिहा. दात्यांना विटा दिसतात, माणसाचे मानधन दिसत नाही, म्हणून ते शेवटच्या ओळीत गेले की कापले जाते.

राहिला प्रश्न आपल्या संस्थेने यात किती काळ राहावे याचा. वाटप लवकरात लवकर ग्रामपंचायतीच्या किंवा महिला मंडळाच्या हाती द्या, कारण वाटणाऱ्याकडे लोक मागण्यासाठीच येतात, विचार करायला येत नाहीत. शाळेचे काम मात्र एक दिवसही बंद ठेवू नका. मुले ज्या शेडमध्ये शिकतील तेथे आयाही जमतील, आणि वरच्या बऱ्याचशा बैठका आपल्याला तेथेच घेता येतील. नव्या जागेचा भूवैज्ञानिक अहवाल आला आहे का, आणि ती जमीन वनखात्याची, गावठाणाची की खाजगी आहे, हे कळवलेत तर घरांच्या टप्प्यांबद्दल अधिक नेमके लिहिता येईल. जमीन वनखात्याची असेल तर वरचे वेळापत्रक बरेच बदलेल.